आकेंच्या दुकानात कोणी मरत नसे

आदरणीय बुरुल-एजे यांना धाकट्या भावाचा, कुबानचा सलाम. तुम्ही खुशाल ना? दाजी खुशाल? मुलं खुशाल, गुरंढोरं धष्टपुष्ट? (बिश्केकमध्ये चौथ्या मजल्यावर गुरं कुठली, हे मला कळतं. पण आपली आपा शेजारी बसून ऐकते आहे, आणि गुरांची चौकशी न केलेलं पत्र ही आपली आई टपालात पडू देत नाही.) आमचं सगळं ठीक आहे. आपाचे गुडघे सोडले तर तिची तब्येत उत्तम आहे आणि आकेंचे कान सोडले तर त्यांची. त्यातही आपल्या या वडिलांची जीभ तर वयाबरोबर तरुणच होत चालली आहे.

सरकारी न्हाणीघर पाडलं, हे तुम्हाला फोनवर कळलंच. आकेंना वाईट वाटलं का, असं तुम्ही विचारलंत. वाटलं, पण ते न्हाणीघराबद्दल नव्हे, तिथल्या तिकिटाच्या खोलीबद्दल. तुम्ही तेव्हा शिकायला शहरात होतात. आकेंनी तिथे कॅसेटचं दुकान काढलं एवढंच तुम्हाला माहीत. पुढे काय घडलं ते घरात कुणी तुम्हाला सांगितलं नाही, कारण तेव्हा तुमच्या लग्नाची बोलणी चालली होती आणि मुलीच्या बापाबद्दल असलं काही पसरू नये, असं आपाचं मत पडलं.

तर सामुदायिक शेती मोडली, खांबावरचा कर्णा बंद पडला आणि त्या कर्ण्यावरून तेरेक-बुलाक गावाला बातम्या सांगणारे आपले आके घरी बसले. आवाज शाबूत आणि ऐकणारं कुणी नाही, अशी अवस्था. (महिनाभर ते मेंढ्यांना हवामानाचा अंदाज सांगत होते. मेंढ्यांनी फारसा विश्वास ठेवला नाही.) शेवटी त्यांनी ती खोली मिळवली आणि कॅसेटी भाड्याने द्यायला सुरुवात केली. पलीकडून वाफ यायची, कॅसेटी फुगायच्या, पडद्यावरच्या नट्यांना कायम घाम फुटलेला दिसायचा. तरी गिऱ्हाईक तुटून पडायचं, भाडं म्हणून कुणी अंडी आणायचं, कुणी वाळवलेल्या दह्याचे गोळे. सगळ्यात मागणी हिंदी सिनेमांना. पण त्या कॅसेटींवर सगळ्यांच्या तोंडून एकच रशियन माणूस बोलायचा. नायक तोच, नायिकाही तोच, दरोडेखोर तोच, आणि त्याला बारमाही सर्दी. म्हाताऱ्यांना रशियन कळेना. झुराकान आजी (पोलिसही जिला वाट द्यायचे, ती) म्हणाली, "हा शेंबडा कोण रे मधेमधे बोलतोय? हाकला त्याला."

आकेंनी हाकलला. दोन यंत्रं जोडली, समोर माईक घेतला आणि सगळे सिनेमे स्वतःच्या आवाजात किर्गिझमध्ये बोलून काढले. एजे, काय बोलायचे ते! दरोडेखोराच्या तोंडीही म्हणी घालायचे. फक्त एक अडचण होती. आपल्या वडिलांना मरण बघवत नाही. कोंबडी कापायची तरी ते शेजाऱ्याकडे निघून जातात. त्यामुळे एका सिनेमात नायक आईच्या मांडीवर प्राण सोडतो, तिथे आके म्हणाले, "आई, दमलोय गं, जरा डोळा लागू दे." पुढे चिता पेटली. आके म्हणाले, "मुलगा बरा झाला म्हणून गावाने शेकोटी पेटवली." आई पांढरी साडी नेसली, तर म्हणे नवे कपडे केले. मग भिंतीवर हार घातलेला फोटो आला, तेव्हा, "मुलगा डॉक्टरकी शिकायला गेला, फोटोला फुलं घालून आई वाट बघते आहे." बायका सुखाचे अश्रू पुसत कॅसेट परत करायला यायच्या.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग झुराकान आजीचा नातू सैन्यातून परतला. त्याने तो सिनेमा छावणीत रशियनमध्ये पाहिला होता. जेवताना सहज बोलून गेला, "आजी, तो मेला की!" दुसऱ्या दिवशी सकाळी आजी गल्लीतल्या साऱ्या बायका घेऊन दुकानात घुसली. (न्हाणीघरातले पुरुष टॉवेल गुंडाळून ऐकायला बाहेर आले, त्यांतले दोघे पुढे आजारी पडले.)

"सापारबाय, आमचा पोरगा मेला आणि तू सांगितलं नाहीस? वर्ष उलटलं! त्याच्या नावाने कणकेचे बोर्सोक तळले नाहीत, दुवा मागितली नाही. तिथे उपाशी बसला असेल तो!"

मला वाटलं, दुकान गेलं. बायकांचे हात फळ्यांपर्यंत पोचले होते. आके पांढरेफटक पडले, पण कर्ण्यावरचा माणूस तो, आवाज हलला नाही. म्हणाले, "आजी, मरणाची बातमी एकदम सांगू नये, हळूहळू कानावर घालावी, हे मला तुम्हीच शिकवलंत. मी हळूहळूच सांगत होतो."

"वर्षभर?"

"जवान मुलगा होता, आजी. माझ्याच्याने होईना."

आजीने फळीवरचा हात काढला. मग म्हणाली, "बस खाली. आता रीतसर सांग." आणि एजे, आकेंनी त्या तिकिटाच्या खोलीत टोपी नीट करून रीतसर सांगितलं. बहिरी ससाणा उडाला, फांदी रिकामी राहिली, अशी सुरुवात करून, थांबत थांबत. बायकांनी जो हंबरडा फोडला तो बाजारापर्यंत गेला. अंगणात कढई चढली. मौलवींनी शंका काढली की तो आपल्यातला नव्हता. आजीने झारा उगारून सांगितलं, "ज्याची आई रडते तो आपल्यातलाच. कुराण वाचा तुम्ही." त्यांनी वाचलं.

नंतर आकेंनी तीच कॅसेट खरी खरी बोलून नव्याने तयार केली. ती कुणी नेली नाही. आठवड्याभरात झुराकान आजीच आली आणि जुनी मागू लागली. म्हणाली, "त्याचं सगळं रीतीने झालं. आता दे, जरा जिवंत बघते."

असो. पत्र लांबलं. सगळ्यांना सलाम.

तुमचा,
कुबान

ता. क. आपा चहा टाकायला उठली म्हणून घाईने मुद्द्याचं लिहितो. रोज संध्याकाळी टीव्हीवर ती तुर्की मालिका रशियनमध्ये लागते. आपाचं रशियन म्हणजे बाजारातलं "केवढ्याला" आणि "फार महाग". म्हणून आके तिला शेजारी बसून सगळं सांगतात. त्यांच्या सांगण्याप्रमाणे सून आणि सासू आता गळ्यात गळे घालून राहतात. तुम्हीही ती मालिका बघता. एजे, हात जोडतो, फोनवर आपाला खरं काही सांगू नका.

ता. क. दुसरा. आपा कधी परत आली ते कळलंच नाही, तिने खांद्यावरून सगळं वाचलं. म्हणते, "लिही तिला. मला रशियन पहिल्यापासून कळतं, नुसतं केवढ्याला म्हटलं की हिला कळत नाही असं समजून दुकानदार आपसात खरा भाव बोलतात, म्हणून मी तेवढंच बोलते. सून तुरुंगात आहे, सासूनेच धाडली. पण खबरदार, तुझ्या बापाला कळता कामा नये. सुनेच्या वकिलाला परवा त्यांनी तिचा हरवलेला भाऊ केलाय, आणि काल भाग संपता संपता त्याच वकिलाने तिला लग्नाची मागणी घातली. आता हे काय करतात, ते मला बघायचंय."