पाच डॉलर पिवळ्यांवर

१८ एप्रिल २००४, रविवार

मी पैज लावली! पैशांची!

आमच्या घरात पत्तेसुद्धा कधी पैसे लावून खेळले नाहीत. आणि आज आयसेलिनच्या मैदानावर, भर दुपारी, भाजीसाठी ठेवलेले पाच डॉलर मी संध्याकाकूंच्या हातात दिले – पिवळ्या टीमवर.

दर रविवारी इथे आपल्या लोकांच्या फुटबॉल मॅचेस असतात. सगळे आयटीवाले, निम्म्यांची पोटं सुटलेली. शंतनू निळ्यांचा गोलकीपर, मग बायकोला जावंच लागतं. काकू कडेला घडीची खुर्ची टाकून बसलेल्या असतात आणि लोक येऊन त्यांना पैसे देतात. त्या कागदी प्लेटवर नाव लिहितात. मला इतके दिवस वाटत होतं, भिशी आहे! आज विचारलं, तर शांतपणे म्हणाल्या, "बेटिंग आहे गं. लावतेस?"

पंचावन्न वर्षांची बाई, कपाळाला टिकली, आणि बेटिंग!

पिवळे जिंकले. पाचाचे दहा झाले. शंतनूला सांगितलं नाही.

१९ एप्रिल

ती दहाची नोट पर्समधून तीनदा काढून बघितली. दीड वर्षानंतर माझे स्वतःचे पैसे. पुण्यात लॅबमध्ये चांगली नोकरी होती, माझ्या हाताखाली दोघी होत्या. इथे मी डिपेंडंट व्हिसावर – काम करायची परवानगीच नाही. साधा शॅम्पू घ्यायचा तरी शंतनूचं कार्ड. तो काही बोलत नाही. पण मला दर वेळी टोचतं.

२ मे, रविवार

पुन्हा जिंकले! सलग तिसऱ्यांदा. आज तर तीस लावले होते.

काकूंनी विचारलं, तुला फुटबॉल कळतो का? छे! ऑफसाइड म्हणजे काय ते अजून डोक्यात शिरलेलं नाही. पण आठवडाभर मला बायकांचे फोन येतात. मालिनी परवा रडकुंडीला आली होती – नवऱ्याच्या प्रोजेक्टचं शनिवारी रिलीज, रात्रभर ऑफिसात, सपोर्टला लाल टीममधले आणखी तिघंही तिथेच. म्हणजे लाल टीम रविवारी झोपेत धावणार. नैनाच्या बाळाला दात येतायत, तिचा नवरा चार दिवस झोपलेला नाही. हे मैदानावरच्या पुरुषांना माहीत नसतं. मला मंगळवारीच माहीत असतं.

मालिनी मन मोकळं करत होती, मी "हो ना गं, हो ना" म्हणत होते आणि मनात हिशेब करत होते – लालांविरुद्ध किती लावू? फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली. तरी लावलेच.

निळ्यांवर मात्र लावत नाही. नवऱ्यावर कसली पैज!

९ मे, रविवार

मॅचहून आलो तोच गुरुदत्त सरांचा फोन. शंतनू गॅलरीत जाऊन बोलला, दार लावून घेऊन. गुरुदत्त सर म्हणजे त्याच्या कन्सल्टिंग कंपनीचे मालक. व्हिसा त्यांचा, आणि ग्रीन कार्डचं फायलिंगही त्यांनीच करायचं. वर्षभर "नेक्स्ट मंथ, पक्का" चाललंय. ते झालं तर पुढेमागे मलाही काम करता येईल. माझं सगळं त्या एका सहीवर अडलंय.

हिरवी टीमही त्यांचीच. बावन्नाव्या वर्षी स्वतः फॉरवर्डला खेळतात आणि दर रविवारी हरतात. पुढच्या रविवारी त्यांची मॅच निळ्यांशी आहे.

काय म्हणाले, विचारलं. म्हणे, टाइमशीटचं काहीतरी.

१६ मे, रविवार

हे काय बघितलं मी!

आज पहिल्यांदाच निळ्यांवर लावले. आतापर्यंतचे सगळे, एकशे चाळीस. हिरवे एकही मॅच जिंकलेले नाहीत, आणि शंतनू छान झोपलेला, छान जेवलेला. माझ्याच घरातली खबर, चुकणार कशी?

निळे हरले. तीन-एक!

तिसरा गोल गुरुदत्त सरांचा. बॉल घरंगळत आला होता, जोर नव्हताच. शंतनू बघत उभा राहिला. बॉल शेजारून गेला, आणि मग त्याने उडी मारली. मग! लोक हसले.

निघताना काकू म्हणाल्या, "गुरुदत्तने स्वतःच्या टीमवर पाचशे लावले होते." हिरव्यांवर कुणीच लावत नाही, म्हणून भाव एकाला चार. दोन हजार घेऊन गेला. काकूंचाही चेहरा उतरला होता.

गाडीत शंतनू रेडिओ लावून बसला.

१७ मे

संध्याकाळी शंतनू पेढे घेऊन आला. म्हणाला, लेबर फाइल केलं सरांनी. आज सकाळीच. ग्रीन कार्डची पहिली पायरी.

मी पेढ्याकडे बघत विचारलं, "तिसरा गोल?"

तो बुटाची लेस सोडत बसला. एक सोडली, दुसरी सोडली. मग वर न बघता म्हणाला, "तुलाच काम करायचंय ना?"

तुलाच! मी मागितलं होतं हे? संताप संताप झाला – त्या माणसाचा, याचा, त्या 'तुलाच'चा. ओरडायला तोंड उघडलं आणि आठवलं, मला हे कळलं कसं? माझे एकशे चाळीस लागले होते म्हणून मी तो बॉल इतका डोळे फाडून बघत होते. मग काय बोलणार!

पेढा खाल्ला. दोन खाल्ले.

२० मे

मालिनीचा फोन दोनदा वाजला. उचलला नाही.

२२ मे, शनिवार

सकाळी शंतनू चहा गाळत होता. पाठमोराच म्हणाला, "उद्या आमच्यावर लावू नकोस."

म्हणजे त्याला माहीत होतं! कधीपासून?

आणि मग मी विचारलं – मीच, माझ्याच तोंडाने – "किती गोलनी हरणार?"