एकाच संघाचे दोन पळणारे गडी : पैकी एक लाइल सोबझाक यांना देण्याबाबत

प्रति,
मा. श्रीमती अर्लीन डोम्बेक,
आयुक्त, हार्लो लेक फॅन्टसी फुटबॉल लीग,
डोम्बेक बोलिंग हॉल (मागची खोली),
हार्लो लेक, विस्कॉन्सिन.

अर्जदार : ऑरिन वान्डेही, निवृत्त चालक, बर्फ काढणारी गाडी, काउंटी रस्ते विभाग. संघाचे नाव : "पिवळा दिवा".

विषय : अदलाबदलीची मुदत संपलेली असताना एक पळणारा गडी श्री. लाइल सोबझाक यांना विनामोबदला देण्यास खास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) लीगचे नियम ४ व ११.
२) आपण मंगळवारी काउंटरवरून दिलेली तोंडी सूचना : "जे काय असेल ते कागदावर लिहून आण, ऑरिन. आणि या वेळी सगळं लिही."

महोदया,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, येत्या रविवारी अर्जदार व श्री. लाइल यांच्या संघांचा सामना असून (आपले संघ कागदावरचे; खऱ्या मैदानावर आपला गडी जितका पळेल तितके गुण आपल्याला), जो हरेल त्याचा हंगाम तिथेच संपेल. श्री. लाइल यांच्या पळणाऱ्या गड्याचा गुडघा गेल्या रविवारी मैदानावर निखळला. कोणीही न घेतलेल्या गड्यांच्या यादीत जे उरले आहेत ते पळण्यापेक्षा बाकावर बसण्यात तरबेज आहेत. सबब त्या जागी श्री. लाइल यांना शून्य गुण मिळणार हे उघड आहे. उलटपक्षी अर्जदाराकडे पळणारे गडी दोन आहेत आणि नियम ४ प्रमाणे दर आठवड्याला उतरवता येतो एकच. उरलेला एक श्री. लाइल यांना द्यावा अशी अर्जदाराची इच्छा आहे. ऐन सामन्याच्या तोंडावर आपल्याच प्रतिस्पर्ध्याला गडी कोण देतो, यात काहीतरी काळेबेरे असणार, असा संशय आपणास येणे स्वाभाविक आहे. तो दूर व्हावा म्हणून पुढील मजकूर.

२. अर्जदार व श्री. लाइल यांनी बावीस हिवाळे एकाच गाडीत काढले. अर्जदार गाडी हाकी आणि श्री. लाइल शेजारी बसून बाजूचे पाते सांभाळीत. वादळात समोरचे काही दिसत नसे तेव्हा "पुढे पत्रपेटी, जरा डावीकडे घे" असे तेच सांगत. बावीस वर्षांत गाडीने एकही पत्रपेटी उडवली नाही. आपल्या लीगमध्येही दोघांचा अकरा वर्षे एकच संघ होता. श्री. लाइल यांचा दंडक एवढाच, की खऱ्या मैदानावरच्या एकाच संघाचे दोन पळणारे गडी कधी घ्यायचे नाहीत. ते म्हणत, "चेंडू एकच असतो रे. एकाने पळवला की दुसरा बघत बसतो. आणि आपण दोघांकडे बघत बसतो."

३. जुलै महिन्यात अर्जदार केस कापायला गेला असता न्हाव्याकडून असे समजले की, श्री. लाइल आपल्या ओसरीवर जावई श्री. टोबिन यांच्यासह रोज संध्याकाळी खेळाडूंच्या याद्या घेऊन बसतात. सदर टोबिन शाळेत विज्ञान शिकवतात, वय एकोणतीस, आणि सासऱ्यांना "पॉप्स" म्हणतात. अर्जदाराने श्री. लाइल यांना याबाबत काही विचारले नाही. विचारायला हवे होते. त्याऐवजी अर्धे केस कापून झालेले असतानाच तो आपल्याकडे आला, आणि "पिवळा दिवा" हे गाडीच्या टपावरच्या दिव्यावरून ठेवलेले दोघांच्या संघाचे नाव त्याने एकट्याच्या नावावर नोंदवून टाकले. पुढे श्री. लाइल यांच्या संघाचे नाव "सोबझाक आणि जावई" असे लागलेले पाहून अर्जदाराच्या पोटात जे दुखू लागले, ते अद्याप थांबलेले नाही.

४. खेळाडू निवडण्याच्या दिवशी श्री. लाइल व श्री. टोबिन भिंतीजवळच्या टेबलावर बसले होते. मध्ये तळलेल्या चीजची एकच टोपली. श्री. टोबिन संगणकाच्या पडद्यावरून काहीतरी वाचून सासऱ्यांच्या कानात सांगत आणि श्री. लाइल हसत. त्या प्रकारे ते गाडीत बावीस वर्षांत फार तर चारदा हसले असतील. श्री. टोबिन यांनी अर्जदारास हाकही मारली : "मिस्टर वान्डेही, इकडे या ना, जागा आहे." अर्जदार म्हणाला, "मी इथे बरा आहे." तो बरा नव्हता. आपल्या राज्याच्या संघातील क्रॉली हा जुना, एकतीस वर्षांचा गडी अर्जदाराने आधीच घेतला होता. पुढच्या फेरीत श्री. टोबिन यांचे बोट पडद्यावर त्याच संघातील पेटिबोन या बावीस वर्षांच्या पोरावर थांबलेले त्याला दिसले. पाळी अर्जदाराची होती. त्याने पेटिबोन घेतला. श्री. लाइल मान न वळवता म्हणाले, "ऑरिन, तो नियम मी तुझ्यासाठीच केला होता रे." आणि नोंदवहीत लिहिता लिहिता आपण म्हणालात, "आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन." ही टिप्पणी नियमबाह्य असल्याचे अर्जदाराने त्याच दिवशी कळवले होते. ती खरी होती हे आज कळवत आहे.

५. तेव्हापासून अर्जदार क्रॉलीस उतरवतो त्या रविवारी पेटिबोन पळतो, आणि पेटिबोनला उतरवतो त्या रविवारी क्रॉलीच्या पायांत तारुण्य येते. तिसऱ्या आठवड्यात क्रॉलीने एकूण नऊ यार्ड कापले आणि बाकावर बसवलेल्या पेटिबोनने तीन टचडाउन केले. सहाव्या आठवड्यात नाणे उडवून ठरवले, तर नाणेही उलटले. बहुतेक वेळा अर्जदार क्रॉलीलाच उतरवतो. ज्याची जागा नव्या पोराने घेतली त्याला घरी कसे बसवावे, हे त्याला जमत नाही. ऑक्टोबरात श्री. लाइल यांचा फोनवर निरोप आला : "दोघांतला एक मला दे, माझा झेल घेणारा घे. दोघांचंही भलं होईल." निरोपात मागे श्री. टोबिन यांचा आवाज ऐकू आल्याने अर्जदाराने उत्तर दिले नाही. निरोप मात्र पुसला नाही. आजवर चौदा वेळा ऐकला आहे. त्याच महिन्यात अर्जदाराने आपणाकडे तीन तक्रारी केल्या : श्री. टोबिन यांच्या पडद्याचा उजेड डोळ्यांवर येतो. "आणि जावई" हे संघाचे नाव होऊ शकत नाही. आणि एका टोपलीतून दोन माणसांनी खाऊ नये. तिन्ही तक्रारी मागे घेण्यात येत आहेत. दुसरीत अजून तथ्य आहे असे अर्जदाराचे मत आहे, तरीही.

६. सोमवारी किराणा दुकानात श्री. लाइल यांच्या पत्नी श्रीमती नोरीन भेटल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "लाइलच्या डोळ्यांचं तर तुला ठाऊकच असेल." अर्जदारास काहीही ठाऊक नव्हते. वसंतापासून दोन्ही डोळ्यांच्या मधोमध धुरकट डाग आला आहे. कडेचे दिसते, समोरचे नाही. अक्षर लागत नाही. जूनपासून गाडी चालवणे बंद. "याद्या टोबिन वाचून दाखवतो. तुला स्वतः सांगायचं म्हणून ओसरीवर बसायचा, की तुझी गाडी आली तर आवाजावरून ओळखेन. तू वळलाच नाहीस रे त्या रस्त्याला." अर्जदार हातातले सामान तिथेच ठेवून बाहेर आला. त्याने मुद्दाम तो रस्ता टाळला होता. दळणवळणाच्या दृष्टीने ते तीन मैल लांब पडते.

७. मंगळवारी अर्जदार आपणाकडे आला असता आपण खणातून ऑगस्टमधला श्री. लाइल यांचा प्रवेश अर्ज काढून समोर ठेवलात. त्यावर मालकांची नावे तीन होती. पहिले ऑरिन वान्डेही, दुसरे लाइल सोबझाक, आणि तिसरे श्री. टोबिन यांचे, त्यापुढे कंसात "वाचण्यापुरता". पहिले नाव आधीच दुसऱ्या संघावर लागलेले असल्याने आपण ते खोडले होते. आपण म्हणालात, "मी सांगणार होते. पण तू तक्रारींखेरीज दुसरं बोलतोस कुठे?" या खुलाशानंतर मत्सर नाहीसा झाला असे लिहून देणे अर्जदारास शक्य नाही, कारण आपण सगळे लिहिण्यास सांगितले आहे. श्री. टोबिन हे चांगले गृहस्थ आहेत. ते रोज संध्याकाळी श्री. लाइल यांना वाचून दाखवतात. पण वाचता अर्जदारालाही येते.

८. सबब विनंती की,
(अ) नियम ११ (अदलाबदलीची मुदत) शिथिल करून एक गडी देण्यास परवानगी मिळावी. क्रॉली हवा की पेटिबोन, हे श्री. लाइल यांनीच ठरवावे.
(आ) ते ठरवण्यासाठी त्यांनी शनिवारी दुपारी अर्जदाराच्या घरी यावे. अर्जदार त्यांना आणण्यास स्वतः जाईल, सबब श्री. टोबिन यांनी तसदी घेऊ नये. तथापि ते आलेच, तर हरणाच्या मांसाचा रस्सा तिघांना पुरेल इतका केलेला आहे.
(इ) परवानगी नाकारली गेल्यास, अर्जदार रविवारी स्वतःचीही पळणाऱ्याची जागा रिकामी ठेवील. तसे करण्यास कोणताही नियम आड येत नाही, हे त्याने तपासले आहे.

हा अर्ज वाचण्याचे कष्ट आपण घेतलेत, याबद्दल ऋणी,

आपल्या लीगमधील सर्वांत जास्त तक्रारी करणारा,
(सही) ऑरिन वान्डेही
गुरुवार, ५ डिसेंबर

सोबत : १) मागे घेतलेल्या तक्रारींच्या प्रती, तीन.
२) फोनवरील निरोपाचा शब्दशः उतारा (अर्जदाराच्या हस्ताक्षरात).

आयुक्तांचा शेरा : परवानगी नाकारली. मुदत सगळ्यांना सारखी. (आ) मात्र मंजूर. हा अर्ज शनिवारी लाइलला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवण्यात यावा, काही गाळू नये. वाचणारा अर्जदारच असावा. — अ. डोम्बेक, ६ डिसेंबर