दळण नसताना

८ जाने.
सुनील-रेखाचं पुन्हा वाजलं. मुलगा-सून, दोघं एकापेक्षा एक. विषय तोच, सुनीलची सटाण्याला बदली. त्याला जायचंय, तिला नाही. मी लगेच घरघंटी लावली. दळण नव्हतं, दोन मुठी गहू टाकले. सईच्या कानावर शब्द पडू दिला नाही. आठ वर्षांची नात, तिने का ऐकावं?
शेजारच्या मावशी जिन्यात म्हणाल्या, "आबा, रोज दळता, नातीचं लग्न काढलंय का?" हसून वेळ मारून नेली.

११ जाने.
सईचं पोट दुखतंय. आठवड्यात तिसऱ्यांदा. पंचवटीतल्या डॉक्टरांनी दाबून पाहिलं, काही नाही म्हणाले. काही नाही तर दुखतं कशाला? मनात नको नको ते.

१३ जाने. भोगी
रेखाने सकाळी भाकरीसाठी बाजरी दळायला घेतली. घरात शांत, सुनील दाढी करत होता. घरघंटी सुरू झाली आणि सई दप्तर टाकून पलंगाखाली. हात पोटावर.
"आई-पप्पा भांडतायत ना?"
"नाही गं, बाजरी दळतेय आई."
"खोटं. घरघंटी लागली की भांडण असतंच."
मी झाकत होतो की भोंगा वाजवत होतो?
दोघांना सांगितलं. सुनील माझ्यावरच उखडला, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं आबा?" रेखा रडली. भाकरी कुणालाच गेली नाही.

१५ जाने.
दोघं सईला घेऊन बसले. बदलीचं सांगितलं. रेखा म्हणाली, "आमचं भांडण तुझ्यामुळे नाही."
सई : "मग मी कुणाकडे राहणार?"
हे घेऊन बसलं होतं पोर!
सुनीलने जवळ ओढलं. "वेडे, वेगळं कोणी होत नाहीये."

२४ जाने.
नऊ दिवस पोट दुखलं नाही. कुणाला बोलत नाही. दृष्ट लागते.

२ फेब्रु.
संध्याकाळी आवाज चढले. सटाणाच. मी सवयीने बटणाकडे. सई चित्र रंगवत होती. "आबा, नका लावू. ऐकू द्या."
ऐकलं. रेखाने पातेलं आपटलं. सुनील ओरडला. मग जरा वेळाने, "बरं, मेपर्यंत थांबा म्हणतो साहेबांना." रेखा : "चहा टाकू?"
सई स्वयंपाकघरात डोकावून आली. "आबा, संपलं." परत रंगवायला बसली. आभाळ हिरवं केलंय.
बदलीचं ठरलं नाहीच. मेमध्ये पुन्हा उठेल.
उद्या गहू दळायचेत. सईला आधी सांगून मगच...