पाठ नसलेला कागद

रविवार, सकाळचा चहा झाल्यावर

चि. बबडी,

अनेक आशीर्वाद. पंचेचाळिशीच्या बाईला बबडी म्हणू नये हे कळतं, पण माझी लेखणी हट्टी आहे. इथे सगळं ठीक. कुंडीत दोन कळ्या आल्यात. शेजारचे मास्तर अजून बुद्धिबळात चाल परत मागतात.

'सगळं ठीक' हे आज खरं आहे. गेल्या रविवारी नव्हतं.

माझ्या मूत्रपिंडांचं काम पिशव्या करतात, हे तुला ठाऊक आहे. दिवसातून चार वेळा पोटातलं जुनं पाणी नळीने बाहेर, नवं आत. पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. बाहेर आलेली पिशवी छापील कागदावर ठेवायची. अक्षरं वाचता आली तर पाणी स्वच्छ. गढूळ दिसलं तर पोटात जंतू शिरलेत, तडक दवाखाना गाठायचा. मी पिशवीखाली शाळेतलं कवितांचं पुस्तक ठेवायचो. तेवढीच करमणूक.

रविवारी पोट दुखत होतं. तरी चारही पिशव्यांतून अख्खी कविता वाचली आणि निवांत झोपलो. सोमवारी अंग तापलं, तेव्हा शेवटची पिशवी आणि पुस्तक घेऊन दवाखान्यात गेलो.

सिस्टर म्हणाली, "आजोबा, हे तर तांदळाचं धुवण आहे! काल दिसलं नाही?"

"छे, स्वच्छ वाचलं की."

"वाचून दाखवा बरं."

मी पिशवी पानावर ठेवून सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला तिने पुस्तक हळूच काढून घेतलं. मी तिसऱ्या कडव्यात पोचलो होतो.

"आजोबा, पुस्तक माझ्या हातात आहे."

बबडे, साठ वर्षांपूर्वी वर्गात कविता चुकली म्हणून बाकावर उभा राहिलो होतो. इतका ओशाळलो तेव्हाही नव्हतो.

डॉक्टरांनी पाणी तपासायला पाठवलं आणि पिशवीतूनच औषध सुरू केलं. म्हणाले, "पाच दिवसांत पाणी निवळलं नाही तर नळी काढावी लागेल." म्हणजे हे घरचं राज्य संपलं. मग आठवड्यातून तीनदा दवाखान्यातलं मशीन. सिस्टरने निघताना दटावलं, "खाली पाठ नसलेलं काहीतरी ठेवा. कविता नंतर!"

घरी आलो आणि शोधू लागलो. पुस्तकं पाठ. औषधांची चिठ्ठी पाठ. मग कपाटात तुझं पत्र सापडलं.

आता खरं सांगतो. ते पत्र मी वाचलंच नव्हतं. 'बाबा, तुम्ही एकटेच...' एवढं पाहून घडी घातली. पुढे 'आमच्याकडे राहायला या' असणार, असं मीच ठरवलं आणि तुला ते तोडून टाकणारं उत्तर लिहिलं. चार महिने तुझा फोन नाही. तो का नाही, हेही मला पाठ आहे असंच वाटत होतं.

पत्र आधी वाचलं असतं तर तेही पाठ झालं असतं. म्हणून ठरवलं, वाचायचं ते पिशवीतूनच. मंगळवारी नुसतं धुकं. बुधवारी तू मारलेली एक जाड रेघ. गुरुवारी 'बाबा'. शुक्रवारी अर्धी ओळ लागली आणि निसटली. काल, पाचव्या दिवशी, हात धुताना नेहमीसारखी कविता म्हटली नाही. पिशवी ठेवली, चष्मा पुसला.

'बाबा, तुम्ही एकटेच हे सगळं करता. मला शिकवाल? न्यायला येत नाही, शिकायला येते. आठ दिवस. तुम्ही म्हणाल तसे हात धुवीन.'

तुझा 'ळ' अजून लंगडाच आहे, तोसुद्धा दिसला. सिस्टरला फोन केला तर ती म्हणाली, "वाचलंत की म्हटलंत?" मी म्हटलं, "वाचलं गं बाई, पहिल्यांदाच." दुपारी डॉक्टरांनी पाणी पाहिलं. नळी राहिली. औषध अजून दोन आठवडे आहे.

शिकायला ये. नखं कापून ये, मी कडक मास्तर आहे. आणि येण्याआधी दोन ओळी पाठव, कसल्याही. कालपासून हे पत्र मला तोंडपाठ झालंय, आता ते पिशवीखाली चालणार नाही.

तुला न वाचताच उत्तर देणारा,
बाबा