विमलबाईची राहिलेली परिक्रमा

मी, सीताबाई कान्हू म्हात्रे, वय एकाहत्तर, पूर्वीचा धंदा पोह्याचे पापड करून विकणे, राहणार मौजे गडब, तालुका पेण, जिल्हा रायगड, आज हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. माझा मुलगा प्रविण याला त्याबद्दल शंका आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला मागे जोडला आहे. डोके नीट आहे असे त्यांनी लिहून दिले. हृदय नीट नाही असे तोंडी सांगितले. कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याला भुलून मी हे करत नाही. गोड बोलणारे या घरात फारसे येतही नाहीत. मजकूर मी सांगितला, वकीलबाईंनी लिहिला, आणि जिथे त्यांनी तो मऊ केला तिथे मी पुन्हा होता तसा करून घेतला. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. घर.
माझे पती कै. कान्हू जन्मभर मिठागरावर राबले. त्यांच्या मजुरीत पोटे भरली, घर झाले नाही. गडबचे हे घर हायवेच्या कडेला टपरी टाकून विकलेल्या माझ्या पापडांवर उभे राहिले आणि माझ्याच नावावर आहे. सबब ते माझी स्वकष्टार्जित मिळकत असून तिची व्यवस्था मी माझ्या मनाने लावते.

या घरात माझी नणंद, म्हणजे माझ्या पतीची धाकटी बहीण, विमलबाई हैबतराव ठाकूर हिला तहहयात राहण्याचा हक्क राहील. तिच्या पश्चात घर माझी नात मृणाली प्रविण म्हात्रे हिच्या मालकीचे होईल. प्रविणने ते विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि हॉटेलवाल्याला सोबत आणून अंगणात टेप धरू नये. गेल्या गणपतीत विमलबाई त्याच्या पानात भाकरी वाढत असताना तो तिच्यादेखत मला म्हणाला, "आई, आत्या अजून किती दिवस? तिचं घर रोह्याला हाय ना?" भाकरी मात्र त्याने सोडली नाही. आत्याचे घर रोह्याला का नाही हे त्याला ठाऊक आहे, पण विसरणे त्याच्या सोयीचे आहे. म्हणून पुढचे कलम सविस्तर लिहिले आहे.

कलम २. हैबतराव ठाकूर, राहणार रोहा, यांना काहीही नाही.
हैबतराव हे विमलबाईचे पती. घरच्या भातशेतीत कधी चिखलाला पाय लावला नाही, पण बोलायला लागले की सगळा देश पायी फिरून आल्यासारखे. कोरोनाच्या आधीच्या वर्षी त्यांनी नर्मदा परिक्रमेची टूम काढली. नर्मदा सतत उजव्या हाताला ठेवायची, पात्र कुठेही ओलांडायचे नाही, आणि खांडव्याकडच्या ओंकारेश्वरहून निघून समुद्रापर्यंत व उगमापर्यंत फिरून पुन्हा ओंकारेश्वरला यायचे, अशी ती महिनोन्‌महिन्यांची पायवाट. रोह्यातले आठ-दहा जण त्यांनी गोळा केले. मी तेव्हा नुकतीच विधवा झाले होते. विमल म्हणाली, "वयनी, तू असशील तर मी चालेन," म्हणून मी गेले.

निघण्याच्या आदल्या दिवशी हैबतरावांनी बायकोसाठी नवेकोरे बूट आणले, आणि तेही तिच्या पायाच्या मापाचे. चालून पाय सुजतात हे ज्याला माहीत नाही तो माणूस आमचा पुढारी होता. तिच्या पिशवीत त्यांनी स्वतःची पूजेची तांब्या-पितळेची भांडी आणि जास्तीची घोंगडी भरली. स्वतः झेंडा घेऊन पुढे. वाटेत कोणी भेटले की "नर्मदे हर!" एवढ्या मोठ्याने म्हणत की झाडावरचे पक्षी उडून जात.

बडवानी मागे टाकून आम्ही शूलपाणीच्या डोंगरात शिरलो तेव्हा विमलच्या टाचा सोलून निघाल्या होत्या. हैबतरावांनी फोडांवरची कातडी ओढून काढली, म्हणजे म्हणे हवा लागते. हवा लागली, मातीही लागली. दोन मुक्कामांनंतर तिला ताप भरला आणि पाय मांडीपर्यंत लाल झाला. एका पाड्यावर रायलीबाई नावाच्या भिल्ल बाईने आम्हाला ओसरीत घेतले. त्या लोकांविषयी हैबतराव वाटभर सांगत आले होते की हे लुटतात, अंगावरचे काढून घेतात. रायलीबाईने आमच्याकडून काढून घेतले ते एवढेच : विमलच्या पायातले बूट.

सकाळी हैबतरावांनी पिशवी बांधली. मी विचारले, "भावजी, कुठं?"
"पुढं. सगळ्यांचा संकल्प हाय. एकीपायी मोडता येत नाय."
"ती एक तुमची बायको हाय."
"मैया बघून घेईल," ते म्हणाले. विमलच्या पिशवीतून त्यांनी आपली भांडी तेवढी मोजून काढून घेतली, आणि झेंडा उचलून चालू लागले. मागे वळून पाहिले ते घोंगडी राहिली का हे विचारायला.

विमल ओसरीवर शुद्धीत होती. सगळे ऐकत होती. रडली नाही. मला म्हणाली, "वयनी, तू पन जा. तुझा संकल्प हाय."
मी म्हटले, "माझा संकल्प मी कान्हूच्या बहिणीसंगती केला होता, झेंड्यासंगती नाय."

रायलीबाईच्या दिराने जीप बोलावली. आम्ही मागे बडवानीला आलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आणखी उशीर झाला असता तर पाय काढावा लागला असता असे सांगितले. गाडीत बसल्याने आमची दोघींची परिक्रमा मोडली. मला त्याचे काही वाटले नाही. विमलला वाटले, आणि अजून वाटते.

आम्ही गडबला परतलो. पुढे हैबतराव परिक्रमा पुरी करून आले, निदान तसे त्यांनी सांगितले. रोह्याच्या नाक्यावर त्यांचा फलक लागला, शाल-श्रीफळ झाले, भाषणात त्यांनी "माझी सहधर्मचारिणी मनाने माझ्यासोबत चालत होती" असे म्हटले. सहधर्मचारिणी त्या वेळी माझ्या पडवीत पायाची पट्टी बदलत होती. ती परत रोह्याला गेली नाही. भाऊबंदांनी समजावले, बायकांनी कानात सांगितले, "घर टाकून राहत नाय गो." विमलने उत्तर दिले, "घर मी नाय टाकलं."

मागच्या माघात हैबतरावांना गुडघ्याचे दुखणे आणि स्वयंपाकाचे वांधे एकदम झाले, तेव्हा बायकोची आठवण आली. फोनवर म्हणाले, झाले गेले विसरून जा. विमल म्हणाली, "रोह्याहून गडबपर्यंत चालत या. मग बोलू." नर्मदेपुढे ही वाट काहीच नाही. ते हो म्हणाले. ठरल्या रविवारी मी टपरीशी बसले होते. नागोठण्याकडून रिक्षा आली, फाट्यावर थांबली, हैबतराव उतरले. बाटलीतले पाणी तोंडावर आणि सदऱ्याच्या पाठीवर शिंपडले, आणि लंगडत लंगडत आमच्या दाराशी आले. विमलने चहा दिला. तो पिऊन होऊ दिला. मग म्हणाली, "आता निघा. रिक्षा अजून फाट्यावरच उभी हाय."

सबब त्यांना काहीही नाही. माझ्या दिवसांना ते आले तर जेवायला वाढावे, पण बोलायला देऊ नये.

कलम ३. चालण्याचे सामान.
माझी बांबूची काठी, कापडी झोळी, पातळ कांबळे व जुन्या चपला मृणालीला द्याव्यात. ही मुलगी येत्या कार्तिकी एकादशीनंतर विमलबाईसोबत परिक्रमेला निघते आहे. तिने मोबाईलवर पाहून बरेच काही मागवले आहे. त्यातले निम्मे घरी ठेवावे. जी पिशवी एका हाताने उचलून खुंटीला अडकवता येत नाही ती पाठीला नको. बूट वापरून मऊ झालेले आणि बोटभर मोठे हवेत. नवे बूट फोटोपुरते. झोपताना टाचेला खोबरेल लावावे. फोड आला तर तापवलेल्या सुईने पाणी काढावे, कातडी तशीच राहू द्यावी. कातडी काढणारा भेटला तर त्याचे आडनाव ठाकूर आहे का ते विचारावे.

आश्रमात पुरी-शिरा समोर आला की लोक जन्माचे उपाशी असल्यासारखे जेवतात आणि दुसऱ्या दिवशी झाडाआड बसतात. अर्धपोटी जेवावे. मीठ-साखरेची पुडी कमरेला असावी. वाट बाईमाणसाला विचारावी. पुरुषाला माहीत नसली तरी तो सांगतो. अंधार पडायच्या आत मुक्काम धरावा. कोणी ओसरी दिली तर सकाळी ती झाडून निघावे. जो माणूस "मी किती चाललो" हे विचारल्याशिवाय सांगतो, त्याच्यासोबत चालू नये. आणि सगळ्यात सावकाश चालणारीला पुढे ठेवावे. मागे ठेवले की ती दिसत नाही.

रायलीबाईचा पाडा लागेल. तिला माझे पोह्याचे पापड द्यावेत. ओझे वाटले तर मृणालीने स्वतःची पॉवर बँक काढून ठेवावी.

कलम ४. बँकेतली रक्कम.
त्यातून आधी या दोघींचा वाटखर्च करावा. उरेल ते प्रविणला. टीव्हीही त्याला. सूनबाई अनिता हिला माझी मोहनमाळ. तिने विमलला कधी वावगे बोलून दाखवले नाही. मनात काय होते ते मी तपासत नाही.

कलम ५. माझ्या पश्चात.
गेल्या आठवड्यात डॉक्टरांकडून आल्यावर विमलने जायचे रद्द केले. "मी नाय जायची. डॉक्टर काय बोलला ते मी आयकलंय."
मी म्हटले, "तो माझ्याविषयी बोलला. तुझे पाय धड हायेत."
"अशी तुला टाकून जाऊ? मी काय हैबतराव हाय?"
"त्यानं तुला विचारलं नव्हतं. मी तुला जा म्हनते. येवढा फरक कळत नसेल तर त्याच्याच घरी जाऊन रहा."
ती उठली आणि मागच्या दारी भांडी आपटत घासत बसली. दोन दिवस घरातले प्रत्येक भांडे दोनदा घासले गेले. तिसऱ्या दिवशी मृणालीला विचारताना मी ऐकले, "खांडव्याचं तिकीट कधीचं हाय?"

म्हणून स्पष्ट लिहून ठेवते. त्या दोघी वाटेवर असताना माझे बरेवाईट झाले तर विमलबाईला कळवू नये. मृणालीलाही नाही, तिच्या पोटात राहणार नाही. क्रियाकर्म प्रविणने उरकावे. सुतक कळल्यापासून लागते, विमल आल्यावर पाळील. मधे त्यांचा फोन आला तर प्रविणने "आई झोपलीय" असे सांगावे. खोटे बोलण्याचा त्याला सराव आहे, एकदा तो माझ्या कामी येऊ दे.

ती परिक्रमा पुरी करून या दारात येईल तेव्हा कोणी गळ्यात पडून रडू नये. पाय धुवायला गरम पाणी द्यावे. आधी जेवायला वाढावे. मग सांगावे.

हे मृत्युपत्र अमलात आणण्यासाठी व्यवस्थापक म्हणून सूनबाई अनिता प्रविण म्हात्रे हिला नेमते. प्रविणला नेमले नाही याचे कारण वर आलेच आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मीही वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली. विमलबाईलाही सही करायची होती. जिला मिळते तिची साक्ष चालत नाही असे वकीलबाईंनी सांगितल्यावर तिला सर्वांसाठी खाली चहा सांगायला पाठवले. कलम ५ तिला वाचून दाखवलेले नाही.

ठिकाण : पेण
दिनांक : २४ सप्टेंबर २०२५

(सही) सीताबाई कान्हू म्हात्रे

साक्षीदार :
१. (सही) गोविंदा महिपती मोकल, राहणार गडब
२. (सही) प्रणिता अमोल घरत, राहणार वडखळ