नवरा दारू पीत नव्हता, त्याची अडचण

तीर्थस्वरूप गोजरआक्का यांना धाकट्या भावजयीचा, म्हणजे रूथचा, प्रभूच्या नावाने सलाम. तुमचे गुडघे, तुमची म्हैस आणि तुमचा स्वभाव, तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे. (गुडघ्यांसाठी आणि म्हशीसाठी मी रोज प्रार्थना करते. तिसऱ्या बाबतीत प्रभूला त्रास देत नाही.)

पत्राचं पहिलं कारण आभार. तुमचे भाऊ काविळीने गेले, आणि माती वाळायच्या आत ‘चार दिवस माहेरी जाऊन ये, मन रमंल’ म्हणून तुम्ही मला वाटूर फाट्यावर एसटीत बसवून दिलंत. मी परत येईपर्यंत आमच्या खोलीत कडबाकुट्टीचं मशीन बसलेलं होतं. एवढी दूरदृष्टी सगळ्यांना नसते. बायबलातली रूथ सासर सोडायला तयार नव्हती. माझ्या बाबतीत सासरनेच तो प्रश्न सोडवला. तुम्ही ठेवून घेतलं असतं तर मी आज जालन्याच्या मिशनमध्ये नसते. आधी वसतिगृहाच्या भाकरी थापल्या, मग दवाखान्यातली धुणी धुतली, मग आजारी बायांच्या उशाशी बसायला शिकले. आता मला सेविका नेमायचं घाटतंय. गावोगाव फिरून आजारी आणि एकट्या बायांना बघायचं. पगार नावापुरता, पायपीट मनसोक्त, पण आक्का, मला हेच काम हवंय. आयुष्यात दुसरं काही मी इतकं मागितलेलं नाही.

आता अडचण ऐका. सेविका होण्याआधी मेळाव्यात उभं राहून साक्ष द्यावी लागते, की कसे दिवस काढले आणि प्रभूने त्यातून कसं बाहेर काढलं. (तुम्ही देवळात फक्त नाताळला येता, म्हणून खुलासा.) त्यासाठी पाळकसाहेबांनी मला आधी बोलावून घेतलं. नवरा प्यायचा का? नाही. अधूनमधून? बाजाराच्या दिवशी गोटी सोडा. मारायचा? अहो, तुमच्या कोंबड्या हुसकतानासुद्धा ‘जा गं बाई’ म्हणणारा माणूस तो! पत्ते, मटका, निदान तंबाखू? पाळकसाहेबांचा चेहरा उतरत गेला. नवरा अचानक जाणं, उपाशी झोपणं ही दुःखं त्यांच्या मते किरकोळ, कुणाच्याही घरी सापडतात. साक्ष असावी तर दैवशालाबाईसारखी. तिचा नवरा नेमाने प्यायचा, नेमाने बडवायचा, त्यामुळे तिच्या साक्षीला कायम मंडप रडतो. ‘मग घराबाहेर काढलं कुणी?’ असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एसटीने आले, तिकीट माझं मीच काढलं.

पुढचा पराक्रम मेळाव्याचा फ्लेक्स छापणाऱ्या सुमितचा. त्याने आमच्या यांचा फोटो मागितला. फोटो सगळे तुमच्याकडे राहिलेले. मग त्याने मोबाइलवरून कुठलासा मिशाळ इसम शोधला, हातात बाटली असलेला, आणि वर छापलं, ‘व्यसनी पतीच्या छळातून सेवेच्या वाटेवर’. खाली मी हात जोडून, इतकी गोरी की मला वाटलं कुणी पाहुणीच आलीय.

मेळाव्याच्या दिवशी मी मंचावर चढले, मागे टांगलेल्या फ्लेक्सवरच्या त्या इसमाकडे बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. टेबलावरचा कपडा ओढला (पाळकसाहेबांचा पाण्याचा ग्लास त्यात कामी आला) आणि त्या मिशांवर टाकला. माइक हातात घेऊन सांगितलं की माझा नवरा पीत नव्हता. मला ताप आला की पिठलं करायचा, खारट करायचा, आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहायचा. फार चांगला माणूस होता, आक्का, आणि मला त्याची फार आठवण येते.

वाटलं, आता मंडप रडेल. तेवढ्यात पुढच्या ओळीतली मंठ्याची एक बाई शेजारणीला म्हणाली, ‘असा नवरा कुठं ऱ्हातो व्हय? बिलकुल खोटं बोलून राह्यली!’ सगळा मंडप हसला. दैवशालाबाईने तर माझ्या पाठीवरून हात फिरवून समजूत घातली, की लाज वाटू द्यायची न्हाई, सगळ्यांचेच पितात.

कमिटी बसली. कमिटीला खोटी साक्ष मुळीच चालत नाही, म्हणून त्यांनी मला खरी साक्ष बदलायला सांगितलं. फ्लेक्सप्रमाणे बोललात तर नेमणूक लगेच. नाहीतर सासरचं कुणीतरी आणा आणि त्यांच्या तोंडून वदवा. मी म्हटलं, नेमणूक राहिली तर राहू द्या, मेलेल्या माणसाच्या हातात मी बाटली देणार नाही. (हे बोलायला सोपं गेलं. खोलीवर येऊन खूप रडले.)

बाकी क्षेम. म्हशीच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरवावा.

तुमची, तुमच्याच कृपेने मार्गाला लागलेली,
रूथ

ता. क. येत्या रविवारी उपासनेनंतर कमिटी पुन्हा बसतेय. सकाळची एसटी धरलीत तर वेळेत पोचाल. खोली मागायला बोलावत नाही, तुमची कुट्टी तिथं सुखाने चालू द्या. पण आमच्या यांना कडेवर घेऊन तुम्हीच वाढवलंत. ते काय होते, हे माझ्याशिवाय जगात एकट्या तुम्हाला माहीत आहे.

आणखी एक ता. क. तुम्ही कशा आहात, हे मी इथं कुणालाच सांगितलेलं नाही. ते कसे होते, एवढं तुम्ही येऊन सांगा.