खुर्चीचा ब्रेक लावायचा राहिला

तीर्थरूप काकांना वाकून नमस्कार (कंबर सरळ ठेवून, गुडघ्यांत वाकले आहे, पेशंट उचलताना असंच वाकायचं असतं).

तुम्ही आणि काकू बरे असाल अशी आशा करते. मी बरी आहे, म्हणजे जेवते, झोपते आणि उरलेला वेळ घाबरते. तुम्ही मला भित्री भागूबाई म्हणायचात तेव्हा मी पालीला भ्यायचे. आता पाल परवडली. नर्सिंगच्या या सात महिन्यांत मला ओल्या फरशीची, वर करायचा राहून गेलेल्या पलंगाच्या कठड्याची, एकाच आडनावाच्या दोन पेशंटची भीती वाटायला लागली आहे, आणि सगळ्यात जास्त आमच्या मोठ्या सिस्टरांची. त्या ओरडत नाहीत. नुसतं "बरं" म्हणतात, आणि मी केलेलं काम पुन्हा पहिल्यापासून तपासते.

परवा सकाळी त्यांनी मला सात नंबरच्या हेडमास्तरांना उठवून चाकाच्या खुर्चीत बसवायला सांगितलं. हेडमास्तर निवृत्त, पायाच्या जखमेत पू झालेला, चार दिवस पडून. पडून राहिलं की पाठीला जखमा होतात, पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात, छातीत कफ साठतो, म्हणून उठायचं (हे मी एका दमात सांगितलं, ते म्हणाले, पाठांतर चांगलं आहे). पलंग खाली घेतला, त्याचा ब्रेक लावला, पाय सोडून बसवलं, चक्कर येते का विचारलं, कमरेला पट्टा बांधला. सगळं यथासांग. फक्त खुर्चीचा ब्रेक लावायचा राहिला. ते टेकायला गेले आणि खुर्ची निघाली. पट्टा धरून मी त्यांना माझ्या मांडीवरून घसरवत हळूहळू खाली आणलं, आणि आम्ही दोघं फरशीवर बसलो. ते शांतपणे म्हणाले, "पुढचा धडा कोणता?" मी म्हटलं, "हलायचं नाही, सर."

डॉक्टर तपासून "लागलं नाही" म्हणेपर्यंत जीव टांगणीला. मग घडल्या प्रकाराचा फॉर्म. 'कारण' या रकान्यात मी लिहिलं, ब्रेक मी लावला नाही. मोठ्या सिस्टर वाचून "बरं" म्हणाल्या. मी मनातल्या मनात सामान बांधलं.

दुपारी हेडमास्तरांना नवं अँटिबायोटिक शिरेतून द्यायचं होतं. कागदावर ॲलर्जी नाही असंच होतं. सिस्टरांनी तरी विचारलं, आणि ते म्हणाले, मला कशाचीच नाही, पोरांचीसुद्धा कधी नव्हती. तेव्हा मी मधेच बोलले (सकाळपासून इतकी घाबरले होते की आणखी घाबरायला जागाच नव्हती). आधी कधी गोळीनंतर पुरळ, सूज, धाप? नाही, म्हणाले. स्टुलावर चार दिवस गप्प बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "दाढ काढली तेव्हा गोळी घेतल्यावर ओठ सुजले होते की. श्वास लागला होता. तुम्ही म्हणालात, मधमाशी चावली." मधमाशी घरात कुणीच पाहिली नव्हती. सिस्टरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. चौकशीअंती दाढेचं औषध याच जातीचं निघालं. डॉक्टरांनी औषध बदललं. हेडमास्तर बराच वेळ पत्नीचा हात धरून होते. सिस्टरांनी हेडमास्तरांच्या मनगटाला ॲलर्जीची लाल पट्टी बांधायला मला दिली आणि सांगितलं, उद्या यांना तूच उठवायचंस. तेव्हापासून पुन्हा घाबरते आहे.

तुमची भित्री पुतणी

ता. क. : आईला फरशीचं सांगू नका. मधमाशीचं सांगा.

ता. क. २ : काकूंचा फोन आला होता. डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक सुरू झाल्यापासून तुम्हाला दिवसाला सात-आठ वेळा पाण्यासारखे जुलाब होताहेत आणि तुम्ही बाहेरचं खाल्लं म्हणून वेळ मारून नेताय. हे औषधामुळेही असू शकतं. अंगावर काढू नका, जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनाने घेऊ नका. मी फोन केला की तुम्ही "मजेत आहे" म्हणून ठेवून देता, आणि हे पहिल्या ओळीत लिहिलं असतं तर पत्रही मिटून ठेवलं असतंत. खरं सांगते काका, हेडमास्तरांपेक्षा मला तुमची जास्त भीती वाटते आहे. पत्र घेऊन आलेला दादा जाणार नाही. तो तुम्हाला डॉक्टरांकडे न्यायला गाडी घेऊनच आला आहे. उठताना त्याचा हात धरा. चपला बसून घाला.